एका दिव्याचा ट्रक

मी एक जुना ट्रक आहे, पण घाबरू नका, तुमच्या दप्तरात मावेन एवढाच. लांबीला वीतभर आणि वर चार बोटं. माझं नाक पुढे आलेलं आहे आणि त्याखाली जाळीचं तोंड कोरलेलं आहे. रंग हिरवा, तोही ठिकठिकाणी उडालेला. बंपर मात्र असा चकचकीत की वाकून बघितलंत तर तुमचा चेहरा दिसेल. दिवा मला एकच आहे, उजवा. डाव्याच्या जागी गंजकी खोबण. बघणारा प्रत्येक जण विचारतो, "हा तुटला कसा?"

मित्रांनो, तो तुटलेला नाही. तो गेला, आणि तो गेला त्या दिवशी एका आईचा जीव दिवसभर टांगणीला लागला होता. दिवा कुठे आहे ते घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि मला बोलता येत नव्हतं.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव सालचा, कोल्हापुरातला. शशिधर उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ओतकामासाठी लाकडी नमुने करायचा. त्याच्या वडिलांचा, रुद्राप्पांचा, पूर्वी एक ट्रक होता. आजऱ्याच्या बाजूने गुळाच्या ढेपा भरायच्या आणि शाहूपुरीच्या गूळबाजारात आणून उतरवायच्या, अशी वीस वर्षं त्यांनी काढली. मग शशिधर पाच वर्षांचा असताना ट्रक भंगारात गेला. त्याचा साधा फोटोही घरात नव्हता. म्हणून शशिधरने दर रविवारी थोडं थोडं करत, लहानपणच्या अर्धवट आठवणीवर मला घडवलं. अंग सागवानी लाकडाचं, मडगार्ड पावडरीच्या डब्याच्या पत्र्याचे.

घडवणं सोपं होतं. अवघड होतं ते मला जुनं करणं.

बंपरला त्याने आधी दुकानातला चंदेरी रंग लावला. रुद्राप्पा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ही जर्मनची पातेली कुठनं आणलीस रं?" बंपर ॲल्युमिनियमच्या भांड्यासारखा दिसत होता, म्हणून शशिधरने रंग खरवडून काढला. मग त्याच्या ध्यानात आलं की क्रोमला स्वतःचा रंग नसतोच. समोर जे येईल तेच तो दाखवतो, वर आभाळ आणि खाली रस्ता. मग त्याने चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी पातळ डिंकाने चिकटवली आणि चमच्याच्या पाठीने घासून घासून अशी बसवली की एक सुरकुती राहिली नाही. दिवे मात्र जमेनात. शेवटी ते मिळाले प्रेरणाच्या झबल्यातून.

प्रेरणा म्हणजे शशिधरची अकरा महिन्यांची मुलगी आणि सौंदर्या तिची आई. सौंदर्या बी.एस्सी. झालेली, शहाणी, पण मूल झाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. टेबलाच्या कोपऱ्यांना तिने चिंध्या बांधल्या होत्या. शेंगदाण्याचा डबा फळीवर चढला होता. झबल्याची टिचबटणं पोरगी ओढून तोंडात घालील म्हणून तिने सगळी उसवून काढली आणि तिथे नाड्या शिवल्या. त्या काढलेल्या बटणांतली दोन वाटीदार अर्धुकं शशिधरने उचलली, त्यांवर चांदी घासली, आणि मला दृष्टी आली. ज्या बटणांची तिला भीती होती तीच माझे डोळे झाली. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग रंग. वीस वर्षं राबलेल्या गाडीचा रंग कसा उडतो? शशिधरने आधी तांबडा गंजाचा हात दिला, ओल्यावरच जाडं मीठ भुरभुरलं, वर हिरवा रंग मारला आणि वाळल्यावर मीठ झाडलं. सगळीकडे गोल गोल ठिपके उठले.

"गाडीला देवी आल्यात व्हय?" रुद्राप्पा म्हणाले. "आरं, गुळाची गाडी ती! उन्हाळ्यात ढेपा पाघळायच्या, रस फाळक्यावर उतरायचा आणि तिथला रंग पोपडं धरून सुटायचा. मिठानं काय हुतंय?"

शशिधर तसाच उठून स्वयंपाकघरात गेला. गुळाचं दाट पाणी केलं, तांबड्यावर एक हात दिला, उन्हात वाळवला आणि वर पाण्यात कालवलेला हिरवा रंग मारला. दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने हळूच चोळलं. आतला गूळ विरघळला आणि हिरवा रंग कडेने अगदी तसा सुटला, जसा खऱ्या पत्र्यावरून सुटतो. ड्रायव्हरच्या दाराखाली त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. रुद्राप्पा कोपर बाहेर टाकून गाडी चालवायचे. कोपर घासून तिथला हिरवा गेला होता, खालचा तांबडाही गेला होता आणि मधोमध रुपयाएवढा पत्रा उघडा पडला होता. तो रुपया माझ्या अंगावर तीळभर उतरला.

रुद्राप्पांनी मला हातात घेतलं. त्या तिळावर अंगठा फिरवला.  मग म्हणाले, "सगळं बरोबर हाय. एक चुकलंय."

"काय चुकलंय, अप्पा?"

"बघू म्हणं." आणि ते पान लावायला निघून गेले.

सौंदर्याला मी आवडलो नव्हतो. गूळ पुरता धुतला गेला नव्हता, म्हणून आठवड्याभरात माझ्या चाकांखालून मुंग्यांची रांग लागली आणि तीही पाळण्याच्या दिशेने. तिने हळदीची रेघ ओढली आणि मला शोकेसच्या माथ्यावर ठेवून दिलं. येता जाता ती माझ्याकडे असं बघायची, जसं गॅसच्या बटणाकडे बघतात.

आता तो दिवस सांगतो.

सकाळचे साडेसात. रुद्राप्पा आजऱ्याला लेकीकडे, दानम्माकडे, निघाले होते. संध्याकाळी तांदूळ घेऊन परतायचं होतं. सौंदर्या न्हाणीघरात प्रेरणाला आंघोळ घालत होती, शशिधर कामावर गेला होता. रुद्राप्पा शोकेसपाशी थांबले. कनवटीची पानसुपारीची चंची सोडली, अडकित्त्याचं टोक माझ्या डाव्या दिव्याखाली घातलं आणि टचकन दिवा उपटला. तो सुपारीत टाकला, चंचीची दोरी ओढली आणि एस.टी. धरायला गेले. कुणाला एक शब्द सांगितला नाही.

नऊ वाजता सौंदर्या पोळ्या करून बाहेर आली. प्रेरणा शोकेसखाली बसून काहीतरी चघळत होती. आईला बघून हसली आणि तिला ठसका लागला. सौंदर्याने तोंडात बोट घातलं. वर्तमानपत्राचा ओला तुकडा निघाला. पण तेवढ्यात तिची मान वर गेली.

माझ्या बंपरात तिचा चेहरा मी पाहिला. चांदीवर सगळं वाकडं दिसतं, पण तो चेहरा खराच तसा झाला होता.

"धोंडुबाई! अहो धोंडुबाई! ह्या ट्रकचा दिवा कुठाय? खाली पडला आणि हिने गिळला की काय!"

भांडी घासणाऱ्या धोंडुबाई राखेच्या हातांनीच धावत आल्या. दोघींनी फरशी चाचपली, सतरंजी झटकली, केरसुणीच्या काड्या विंचरून पाहिल्या. कुठून सापडणार? दिवा तेव्हा आजऱ्याच्या गाडीत होता.

"केळं घाला, बाई," धोंडुबाई म्हणाल्या. "केळ्यात गुंडाळून येतंय सगळं भाईर. माझ्या नणंदंच्या पोरानं चावी गिळली हुती. तिसऱ्या दिवशी आली, कुलूपबी उघडलं तिनं!"

सौंदर्या हसली नाही. तिने प्रेरणाला खांद्यावर टाकलं, मला झबल्यात गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली. रिक्षात ती पोरीच्या छातीला कान लावून बसली होती. श्वास मोजत होती, मधेच चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. झबल्यातून मला ओरडावंसं वाटत होतं. अहो, सुपारीत आहे! चंचीत आहे! पण लाकडाला तोंड कोरलं म्हणून आवाज फुटत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझा उजवा दिवा नीट पाहिला. "बटण आहे हे. एक्स-रे फोटो काढू."

फोटोत काहीच नव्हतं.

"पण वरून चांदी घासलीय," सौंदर्या म्हणाली. "त्यामुळे दिसत नसेल, असं होतं का?"

"अहो ताई, आतलं बटण धातूचं. असतं तर दिसलंच असतं. घर शोधा."

"शोधलंय."

"मग परत शोधा. आणि स्वतः दोन घास खा."

तिने खाल्लं नाही. फोटोवरही तिचा विश्वास बसला नाही. घरी येऊन तिने प्रेरणाला चार वेळा पाणी पाजलं, दर वेळी घशाकडे बघत. दुपारी प्रेरणा झोपली तर तिने नाकापुढे बोट धरलं. शशिधर फौंड्रीतून आला तेव्हा ती सतरंजीच्या कडेचा दोरा न् दोरा बोटांनी विंचरत होती.

"डॉक्टर काही नाही म्हणाले ना?" तो म्हणाला.

"मग दिवा गेला कुठे? तू सांग. पंख फुटले त्याला?" तिचा आवाज चिरकला. "हे घरात नको. आजच्या आज नको."

 शशिधरने मला उचललं आणि फौंड्रीत न्यायच्या पिशवीत घातलं. तिथली भट्टी मी ऐकून होतो. पण मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःचं काही वाटत नव्हतं. धोंडुबाईंचा तो तिसरा दिवस उजाडेपर्यंत ही बाई अशीच पोरीचा श्वास मोजत बसणार, एवढंच दिसत होतं.

दिवेलागणीला रुद्राप्पा आले. तांदळाची पिशवी उंबऱ्यात ठेवली. "काय झालंय? तोंडं का उतरल्यात?"

शशिधरने सांगितलं. रुद्राप्पांनी कनवटीला हात घातला. चंची सोडली, सुपारीची खांडं तळहातावर ओतली. त्यात माझा डोळा चमकत होता.

 मग सौंदर्या म्हणाली, "मामा, सांगून तरी जायचं."

सासऱ्यांना असं ती कधी बोलली नव्हती. रुद्राप्पांनी मान खाली घातली. "चुकलं की, बाळ. लई चुकलं."

"पण काढला कशाला, अप्पा?" शशिधरने विचारलं.

"आपल्या गाडीला दोन दिवं नव्हतंच. तुला ठावं न्हाय. सत्तर साली तू दोन वर्षांचा. घशात चिंचोका अडकला तुझ्या. गाडीत ढेपा भरल्या हुत्या, त्या उतरायलाबी थांबलो न्हाय, तशीच दवाखान्याकडं पळवली. तुझी आई तुला पालथा धरून पाठीत मारत बसलेली. माझं ध्यान रस्त्यावर कुठं? गावाबाहेर मैलाच्या दगडाला घासली गाडी, डावा दिवा गेला. थांबलो न्हाय." त्यांनी दिवा बोटांत फिरवला. "म्होरं कितींदा बसवायला काढला, पर मन हुईना. वाटायचं, तेवढा दिवा घिऊन दगडानं पोरगं सोडलं. परत कशाला मागायचा? उजव्यावरच चालवली शेवटपतोर."

सौंदर्या पुढे सरकली होती. सकाळपासून पहिल्यांदाच ती प्रेरणाकडे पाठ करून बसली होती. "मग? निघाला का चिंचोका?"

"निघाला म्हणूनच तर ही गाडी केली न्हवं त्यानं!"

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रुद्राप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. "मीबी त्या दिवशी असाच श्वास मोजत हुतो," ते म्हणाले, "एक हात स्टेरिंगवर ठिऊन."

मी पिशवीतून बाहेर आलो. पुढच्या रविवारी शशिधरने माझ्या रिकाम्या खोबणीला गंज चढवला आणि सौंदर्याने ब्रश धुऊन दिले. माझा प्रत्येक सुटा भाग तिने ओढून पाहिला, जो हलला तो पुन्हा चिकटवून घेतला. उरलेला गूळ तिने कोमट पाण्याच्या बोळ्याने टिपून काढला. तो दिवा आजही घट्ट बुचाच्या बाटलीत, वरच्या फळीवर आहे.

आता दोन हजार नऊ साल आहे. रुद्राप्पा नाहीत. प्रेरणा सातवीत आहे. तिच्या मैत्रिणी विचारतात तेव्हा ती म्हणते, "तुटलाय कुठला? गाडी तशीच हाय ती." सौंदर्या अजूनही जाता येता माझे भाग डोळ्यांनी मोजते. मोजू दे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं उडालेल्या रंगाचं काही दिसलं तर लगेच फडकं घेऊन धावू नका. आधी विचारा, हे कुणाच्या कोपराने झिजलं. घरात रांगतं मूल असेल तर बटण, बी, मणी उंचावर ठेवा. आणि एखादी वस्तू जागेवरून हलवलीत, अगदी बटणाएवढी जरी, तर घराबाहेर पडताना दारात क्षणभर थांबा आणि आत हाक मारून सांगा. मी त्या दिवशी सगळं पाहूनही गप्प होतो, कारण मला तोंड नुसतं कोरलेलं आहे. तुम्हाला ते खरं मिळालं आहे.