‘किरकोळ’ लिहिलेला कोपरा

मित्रांनो, आमच्या कचेरीतल्या साहेबांना एक वाईट खोड आहे. कुठलंही काम समोर आलं की ते विचारतात, “हे वापरणाऱ्याला दिसतं का?” दिसत नसेल, तर त्या कामाची चिठ्ठी माझ्या खालच्या कोपऱ्यात, ‘किरकोळ’ या शब्दाखाली. अहो, साहेबांचं काळीजही कोणाला दिसत नाही. तेही किरकोळ म्हणावं का?

मी एक जुनी पांढरी पाटी आहे. मला घडवलं शाळेसाठी, पण कडेचा टवका उडालेला पाहून शाळेनं तीन दिवसांत परत पाठवलं. माझं शिक्षण तेवढंच. मग मी इथे आले. इथे दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, आणि सगळ्या चिठ्ठ्या माझ्या अंगावर. अकरा वर्षं हा पसारा मी सांभाळला. पाहुणे वरच्या रंगीत चिठ्ठ्या बघून म्हणायचे, “काय सुरेख मांडणी!” मी फुगायचे. खालच्या कोपऱ्याकडे मी स्वतःही बघत नसे. आज ते सांगताना लाज वाटते.

एकदा दुरुस्ती सांभाळणाऱ्या ताईंनी चिठ्ठी लावली : ‘नोंदींची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, नीट उघडते का, ते तपासणे.’

साहेब म्हणाले, “असं नाही चालत, ताई. वापरणाऱ्यांपैकी कोणाला हवंय, ते आधी त्याच्याच तोंडून लिहा.”

ताई वैतागल्या. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली : ‘परिचारिका म्हणून मला राखीव प्रत तपासून हवी आहे.’

त्याच आठवड्यात एका दवाखान्यातल्या सिस्टर बैठकीला आल्या. साहेबांनी चिठ्ठी वाचून दाखवली. “सिस्टर, हे तुम्हाला हवंय?”

“अहो, मी बाळांना लस टोचते. ती प्रत का फीत, मला काय करायचीय?”

सगळे हसले. मीही हसले, खिळ्यावर हलण्याइतकी. चिठ्ठी कोपऱ्यात गेली.

दोन महिन्यांनी त्या दवाखान्याच्या नोंदी ठेवणारं यंत्र बंद पडलं. राखीव प्रत उघडली, तर रिकामी. दोनशे बाळांच्या लशींच्या तारखा गेल्या. सिस्टर धावत आल्या.

“दारात आया बाळं घेऊन उभ्या आहेत. कोणाची कोणती लस राहिली, काय सांगू मी त्यांना?”

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. “तुम्हालाच विचारलं होतं ना? तुम्हीच नको म्हणालात.”

सिस्टरांनी मान खाली घातली. चूक आपलीच, असं वाटलं त्यांना. माझ्या अंगावरची चिठ्ठी दाखवून एका भल्या बाईला दोषी ठरवलं, मित्रांनो. भिंतीत गडप व्हावंसं वाटलं मला.

ताई उठल्या. “त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. ते वाक्य माझं. काम मागे पडू नये म्हणून मी त्यांच्या तोंडी घातलं. सिस्टर, माफ करा.”

पाटी बोलत नाही म्हणतात. त्या दिवशी मी बोलले.

“साहेब, न दिसणारं काम कोणी मागायला येत नाही. ज्याला कळतं, त्यानं ते करायचं असतं. ताईंना कळत होतं, तुम्ही ऐकलं नाही. हसले मीही, माझी शरम माझ्यापाशी. आता उठा. ताईंबरोबर दवाखान्यात जा, एकेका आईला विचारून तारखा लिहून घ्या. आणि लिहिण्याआधी प्रत्येकीला सांगा, ‘चूक सिस्टरांची नाही, माझी.’”