चारशे बारापर्यंत खात्रीने

पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत कुणी उभं करत नाही, असं वरच्या वर्गातले सगळे सांगत होते. मला कुणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. शिवाय सुट्टीत संशोधनाचं काम मिळालं नाही तर आत्याच्या शिलाईच्या दुकानात दोन महिने बटणं लावायची, असं घरात ठरलेलं. आत्या प्रेमळ आहे हो, पण मला भौतिकशास्त्र हवं होतं.

मग मी विभागातल्या अकराही प्राध्यापकांना एकच पत्र ठोकून दिलं. 'मला फक्त तुमच्याच प्रयोगशाळेत काम करायचं आहे.' वरचं नाव तेवढं बदललं. मला काय ठाऊक, ही मंडळी रोज चारला एकाच टेबलाभोवती चहा पितात! माझं पत्र तिथे मोठ्याने वाचलं गेलं म्हणे. दहा जणांनी उत्तरच दिलं नाही. अकराव्या मॅडमनी बोलावलं.

मी लाजेने अर्धी झाले होते, पण मॅडम पत्राबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. छताला टांगलेला लोखंडी गोळा दाखवला आणि हातात वही, पेन, स्टॉपवॉच दिलं. पाचशे झोके मोजायचे, झोक्यांचा आकडा आणि लागलेला वेळ लिहायचा. माझ्याआधी सहा जण मोजून गेले होते आणि जागा एकच होती.

डोळ्यांत तेल घालून मोजत बसले. चारशे बारा झाले आणि शिंक आली. एक नाही, लागोपाठ तीन. डोळे उघडले तर गोळा आपला निवांत झुलतोय. मध्ये एक झोका गेला की दोन, देव जाणे. अंदाजाने पुढे मोजत पाचशेवर घड्याळ थांबवलं.

नुसतं 'पाचशे' लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पेन कितीतरी वेळ तसंच हातात राहिलं. शेवटी स्वतःवरच चिडून लिहिलं: 'चारशे बारापर्यंत खात्रीने. मग तीन शिंका. पुढचा आकडा एक-दोनने चुकलेला असू शकतो.' म्हटलं, झालं, आता बटणं.

मॅडमनी वाचलं आणि गालातल्या गालात हसल्या. मग गोळ्याखालची चिमुकली डबी दाखवली. ती प्रत्येक झोका आपोआप मोजत होती. सहाही जणांनी वहीत पाचशे लिहिले होते. डबीत मात्र कुणाचे चारशे शहाण्णव, कुणाचे पाचशे तीन.

"मोजताना सगळेच चुकतात," त्या म्हणाल्या. "कुठे चुकलं ते लिहिणारं माणूस मला हवं होतं. सोमवारी नऊला ये."

बाहेर पायरीवर बसून आईला फोन लावला, तर शब्दच फुटेना, नुसतं रडू. आईला वाटलं, गेलं काम. "जाऊ दे गं बाळा," ती म्हणाली, "तुझ्यासारखी मुलगी त्यांना दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही." मग पाच मिनिटं तिने त्या प्रयोगशाळेचा उद्धार केला. मी मध्ये बोललेच नाही. एरवी तोंडावर कधी कौतुक न करणारी माझी आई बोलत होती, आणि मला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं.