स्वच्छ टाकी

सासूबाईंचं आणि माशांचं कधी पटलं नाही. मुळात सासऱ्यांशीच त्यांचा छत्तीसचा आकडा, मग त्यांच्या माशांची काय कथा! आईंचा उभा जन्म इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरच्या सफाईवर देखरेख करण्यात गेला. निवृत्त झाल्या तरी आमच्या घराला थिएटरचाच कायदा. आणि बाबा बाहेरच्या खोलीत तीन ओरांडा पाळून बसलेले. गुबगुबीत अंगाचे, झुलत्या शेपटीचे, डोक्यावर फुलकोबीसारखा गड्डा असलेले गोल्डफिश. सगळ्यात मोठा तो ढेरपोट्या. त्याला बाबा मटार सोलून बोटांनी भरवायचे.

बाबांची टाकी साफ करायची रीत बघून आईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. थोडंसंच पाणी बादलीत काढायचं, त्याच गढूळ पाण्यात फिल्टरचा स्पंज जरा पिळायचा आणि परत लावायचा. "घाणीत घाण धुतात," आई म्हणायच्या. बाबा खुलासा करायचे नाहीत. या घरात कुणी कुणाला खुलासा करतच नाही.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. इस्पितळात मी भेटायला गेले की पहिला प्रश्न, "मासे?" बायकोची चौकशी नंतर, तीही झाली तर. मी हे घरी सांगितलं तेव्हा आईंची नजर टाकीकडे गेली.

बाबांना घरी आणायचं ठरलं त्या आठवड्यात मी कामावरून परतले, तर टाकी लखलखत होती. काच घासलेली, खडे उकळलेले, पाणी सगळंच्या सगळं नळाचं ताजं. स्पंज साबणाच्या गरम पाण्यात धुऊन नव्यासारखा केलेला.

"आल्यावर बघतील तरी," आई म्हणाल्या आणि चक्क लाजल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना लाजताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी मासे वर येऊन आ वासत होते. मी लगेच मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"स्पंज साबणाने धुतला? अहो ताई, त्या घाणीतच तर जिवाणू असतात. माशांच्या घाणीचं विष तेच संपवतात. आणि नळाचं क्लोरिन वेगळंच!"

त्याने सांगितलं ते औषध घातलं, थोडं थोडं पाणी बदलत राहिले. धाकटे दोघे गेले. बाबा यायच्या आदल्या दिवशी ढेरपोट्याही आडवा झाला.

"इतकी स्वच्छ केली, तरी?" आई म्हणाल्या. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. रागही आला होता, त्या दोघांचाही. एवढ्या वर्षांत एक स्पंज का पिळायचा ते सांगता येऊ नये?

टॅक्सीत मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो हलला नाही. मग मीच पुसले.

घरी आई टाकीपाशी उभ्या होत्या, गुन्हेगारासारख्या. "माझं काही चुकलं का हो?"

बाबांनी शब्द जुळवायला बराच वेळ घेतला. "नाही गं. म्हातारे... झाले होते. टाकी छान केलीस."

आईंना रडू कोसळलं. मग नाक पुसून लगेच म्हणाल्या, "आपण नवे आणू. आता दर आठवड्याला मीच धुवेन. तुम्हाला हात लावू देणार नाही."

"मासे नकोत," बाबा म्हणाले. "अशीच... बरी दिसते."

तेव्हापासून टाकीत नुसतं पाणी आहे. आई ती दर आठवड्याला घासतात आणि बाबा समोर खुर्चीत बसून राहतात. एका दुपारी मला ते बघवेना.

"बाबा, सांगून टाका ना एकदा. मी आणते मासे. शिकतील त्या."

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा... माझ्यासाठी काही केलं तिने. त्यानेच मेले, म्हणू?"

बाबांनी आत हाक मारली, "अगं, कोपऱ्यात डाग राहिलाय बघ."

आई फडकं घेऊन लगबगीने आल्या. मला तर डाग कुठेच दिसला नाही.