ठिणगीची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टाकी आहे. पाण्याची नव्हे, ठिणगीची! माझ्या पोटात पितळेचे दोन गोळे समोरासमोर बसवले आहेत. मध्ये वायू भरतात आणि विजेचा दाब वाढवत नेतात. ठिणगी जितकी उशिरा उडेल, तितका तो वायू वीज अडवायला बळकट.

माझा जन्म सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाला. निवृत्ती नावाच्या फिटरने माझा सांधा न् सांधा जीव लावून जोडला आणि मला अंबाजोगाईच्या कॉलेजात पोहोचवले. कारखान्याच्या कामासाठी मी कितीतरी वायू तपासले. पुढे दुष्काळ पडला, ऊस वाळला, कारखाना थंडावला. मग मला कोण विचारणार? मला कोपऱ्यात ढकलून माझ्या अंगावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या.

मला बाहेर काढले ते मनकर्णाबाईंनी. त्या मूळच्या चकलांब्याच्या, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका. घाटनांदूरकडच्या सहकारी पाणी योजनेच्या पंपांच्या स्विचांत जो वायू होता, तो वीज उत्तम अडवायचा. पण गळाला की हजारो वर्षे हवेत राहून पृथ्वी तापवायचा. बाई त्याला पर्याय शोधत होत्या. रेणू केवढा आहे, मोकळे इलेक्ट्रॉन तो कितपत पकडतो, यावरून वायू किती ताण सोसेल हे त्या आधीच गणिताने सांगत.

एक दिवस योजनेची वीज सांभाळणारे सर्जेराव आले.

"बाई, नवा वायू भरला अन् स्विचच फुटला तर? ह्या पाण्याबिगर गावांला दुसरा आधार न्हाई."

"म्हणून तर आधी टाकीत बघू, काका. माझं गणित म्हणतंय, हा जुन्याच्या तोडीस तोड हाय."

नवा वायू भरला. विजेचा दाब चढू लागला. आणि निम्म्यावरच तडाड्‌!

"चुकलं की गणित!" सर्जेराव उठलेच. "जुनाच लई बरा."

बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या म्हणाल्या, "थांबा काका. आता जुना भरू. त्याचं बळ तर आपल्याला ठाऊक हाय ना?"

जुना वायूही निम्म्यावरच हरला! सर्जेराव चकित झाले, बाई मात्र हसल्या. म्हणजे खोट वायूत नव्हती, माझ्यात होती! त्यांनी माझे झाकण उघडले. कोपऱ्यातल्या दिवसांत झाकणाचे बोल्ट गंजले होते, आणि त्या गंजाचा एक कण गोळ्यावर चिकटला होता. ठिणगीला तेवढी वाट पुरे असते. बाईंनी मऊ कापडाने गोळे पुसले, बोल्ट बदलले आणि पुन्हा नवा वायू भरला. दाब चढत गेला. सर्जेराव वाकून मीटरच्या काट्याकडे पाहत होते. बाईंनी सांगितलेल्या आकड्यापाशी येऊन ठिणगी उडाली.

"जमलं बाई!" सर्जेराव खुर्चीवर टेकत म्हणाले.

स्विच बनवणाऱ्यांनीही तो वायू तपासला, मगच तो पंपांवर गेला. गावांचे पाणी एक दिवसही थांबले नाही. आता नव्या वायूंचे अंदाज बाई करतात आणि पारखते मी.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणाचे उत्तर चुकले असे म्हणण्याआधी, मोजणारे भांडे एकदा पुसून बघा.