उपाशीपोटी

सासूबाईंनी रिपोर्टाचा कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला आणि वर पंजा दाबून ठेवला.

"तुमच्या माणसांनी रक्ताच्या बाटल्या बदलल्यात. माझी सून उपाशीपोटी आली होती. पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी शब्द देते."

पावाच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेला तो पंजा. त्यांनी शब्द दिला की गल्लीत पुढे कुणी तोंड उघडत नसे. डॉक्टरीणबाईंनी मात्र कागद हळूच खालून ओढून घेतला.

"रक्त दोनदा तपासलंय. साखर खाली, इन्सुलिन वर. उपाशी माणसाचं एवढं नसतं. असलंच, तर स्वादुपिंडावर गाठ आहे का ते शोधावं लागतं."

"गाठ?"

"शिवाय पोटॅशियम फार उतरलंय. आणखी उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. आज हिला घरी सोडणार नाही मी." त्या सुनेकडे वळल्या. "उलट्या वगैरे होतात?"

सून बाही बोटांवर ओढून बसली होती. तिनं मान हलवली. नाही.

"उलट्या व्हायला पोटात काही जायला नको का?" सासूबाई उसळल्या. "चिमणीएवढं वाढून घेते. मी विचारते, तुला काय माहेरी वाऱ्यावर वाढवलंय? तर नुसती हसते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पहाटे काही खाल्लं असेल तर सांगा. रागावणार नाही. पण खोटं सांगितलंत, तर मी भलत्याच जागी शोधत बसेन, आणि इकडे हृदय माझी वाट बघत बसणार नाही."

सासूबाईंनी पुन्हा शब्द द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात सुनेनं घाम पुसायला हात वर नेला, बाही घसरली आणि बोटांचे सांधे उघडे पडले. त्यांवर ओळीनं चट्टे होते, काही जुने, काही ओले. भट्टीचं भाजणं सासूबाईंना डोळे मिटून ओळखता आलं असतं. ते पसरट असतं, कातडी ओढून धरतं. हे दातांचं होतं, बोटं घशात घालताना लागलेलं.

दुकानातला तुटक्या बिस्किटांचा डबा महिनाभर रिकामा होत होता. त्यांनी उंदरांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, दोन पिंजरे लावले होते. पिंजऱ्यात काही सापडलं नव्हतं. पण उंदीर खाऊन झाल्यावर झाकण परत घट्ट लावून ठेवतो का, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेजारी पोरीच्या गळ्याजवळची शीर उडत होती. ती मधेच थांबेल की काय, म्हणून त्या बघतच राहिल्या.

"बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "शब्द मागे घेते. मीच दिली हिला बिस्किटं. पहाटे. कोमेजलेली दिसली म्हणून. विसरले मी."

सुनेनं झटकन त्यांच्याकडे पाहिलं. विसरले, हे या बाईच्या तोंडून तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "किती दिलीत?"

सासूबाई अडखळल्या. "चार असतील."

पेन कागदावर टेकलं.

"चार नाही," सून म्हणाली. आवाज इतका बारीक, की डॉक्टरीणबाईंना पुढे झुकावं लागलं. "डबाभर. आणि आईंनी नाही दिली."

सासूबाईंनी पिशवी उचलली, परत खाली ठेवली.

"मी बाहेर थांबू का गं?"

घरातल्या कुणाला काही विचारायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे प्रश्न जरा वाकडाच निघाला. सुनेनं बोटांकडे पाहिलं. मग तिनं बाही कोपरापर्यंत वर सारली.

"बसा, आई," ती म्हणाली. "फक्त मधे बोलू नका."

सासूबाई बसल्या.