इथंच कुठंतरी आहे

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाच्या हाताला तोड नव्हती, आणि त्याच्या टेबलावर हात टेकायला जागा नव्हती. डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचं माप पाठवत, आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून हा त्यावरून कवळी करून देई. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाचे तुकडे, अर्धा उघडलेला पंखा, एकटा मोजा, परवाचा चहाचा कप. कवळी घासता घासता फोन वाजला की हा उठे. बोलता बोलता खिडकीची सैल कडी दिसे, तिच्यासाठी पेचकस शोधायला जाई आणि पंखा उघडून बसे. संध्याकाळपर्यंत सगळी कामं उघडी, पुरं एकही नाही. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "इथंच कुठंतरी आहे."

लोक कौतुकानं म्हणत, कलाकार माणूस, चालायचंच. पुरुषाच्या पसाऱ्याला आपण कला म्हणतो, आणि तो आवरणाऱ्या बाईला काहीच म्हणत नाही. त्याची बायको इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. तिथली पाळी संपवून ती घरी आली की दुसरी पाळी सुरू होई: नवऱ्याच्या किल्ल्या शोधा, चष्मा शोधा, साचे शोधा.

एका रविवारी सकाळी दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली.

"माझ्या वडिलांची कवळी तुमच्याकडे आहे. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हालाच जाऊन विचारा."

"होत आलीय ताई. दोन दिवसांत देतो."

"हे दोन दिवस मी लग्नाच्या आधीपासून ऐकतेय."

नर्स आतून बाहेर आली. "कोणाचं लग्न?"

"माझ्या मुलीचं. बाबा रेडिओवर बातम्या वाचायचे. आता दात नाहीत, शब्द नीट फुटत नाहीत. चार लोकांत असं बोलायची लाज वाटते म्हणून नातीच्या लग्नात वरच्या खोलीत दार लावून बसले. ती निरोप घ्यायला गेली, तर तिच्याशीही तोंडावर रुमाल धरून बोलले."

कवळीवाल्यानं सवयीनं बायकोकडे पाहिलं. "अगं, जरा बघतेस का? इथंच कुठंतरी..."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही शोधा. आम्ही बसतो." आणि तिनं पाहुणीला खुर्ची दिली.

तो शोधू लागला. दोघी बघत होत्या. साचे खाली उतरले, मेण सांडलं, कप लवंडला. शेवटी पंख्याच्या मागं, जुन्या वर्तमानपत्राखाली कवळी सापडली. पूर्ण झालेली, घासून चकचकीत केलेली. पाण्यात ठेवायची वस्तू कोरडी पडली होती, वर धुळीचा थर.

त्या बाईनं ती हातात घेतली. "ही तर तयार आहे. कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून असेल," तो खाली बघत म्हणाला. "मग सापडेना, म्हणून..."

"म्हणून खोटं बोललात. हरवली एवढंच सांगितलं असतंत, तर आम्ही दुसरीकडून करून घेतली असती." तिनं कवळी त्याच्या हातात परत दिली. "ही डॉक्टरांकडे पोचवा. आणि काय झालं ते बाबांना तुम्ही स्वतः येऊन सांगा."

ती गेल्यावर तो म्हणाला, "माझा स्वभावच असा आहे. डोकं एका जागी राहत नाही, मी तरी काय करू?"

"स्वभाव तुमचा, आणि तोंड लपवायचं त्या म्हाताऱ्या माणसानं?" नर्स म्हणाली. "थिएटरमध्ये आम्ही सगळ्या जन्मजात नीटनेटक्या आहोत असं वाटतं तुम्हाला? मी स्वतः गॅसवर दूध ठेवून विसरते. म्हणूनच तिथं माझ्या आठवणीवर कोणी विसंबत नाही. प्रत्येक कात्रीची जागा ठरलेली असते, पोट शिवायच्या आधी कापसाचा बोळा न बोळा मोजतात. माणूस विसरतो हे धरूनच ती शिस्त लावलेली आहे."

"मग एकदा तूच लावून दे ना टेबल."

"आपलं लग्न झाल्यापासून लावतेय. मी माझ्या डोक्यानं लावते, तुम्हाला त्यात काही सापडत नाही, मग पुन्हा मीच शोधते. तुमचं डोकं चालतं तसं तुम्ही लावा. यापुढं या खोलीत मी काहीही शोधणार नाही."

डॉक्टरांनी कवळी तपासून, थोडी घासून बसवून दिली. त्याच संध्याकाळी कवळीवाला त्या बाईच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"काम उत्तम आहे," ते स्पष्ट शब्दांत म्हणाले. "पण मला ज्या दिवशी बोलायचं होतं, तो दिवस गेला." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. त्यालाही मागायचा धीर झाला नाही.

घरी येऊन तो टेबलासमोर बसला. एक गोष्ट त्याला स्वतःबद्दल पक्की ठाऊक होती: डोळ्याआड गेलेली वस्तू त्याच्या लेखी नसतेच. त्यानं कपाटाची दारंच काढून टाकली. प्रत्येक रुग्णाला एक उघडा ट्रे, वर ठळक नाव. तयार कवळी पाण्याच्या डबीत, थेट दाराशेजारच्या फळीवर. पंखा दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला. फोन स्वयंपाकघरात ठेवला. कामात दुसरं काही सुचलं की समोरच्या पाटीवर खडूनं लिहायचं, उठायचं नाही. सोपं गेलं नाही. कितीदा तरी तो अर्ध्यातून उठला, स्वतःवर चरफडला आणि परत येऊन बसला. एका ट्रेमध्ये पुन्हा मोजा निघाला. नर्सनं तो पाहिला आणि हात लावला नाही. आवरायला न धावणं तिलाही जड जात होतं.

पुढं एकदा ती पाळीवरून आली, तेव्हा तो डॉक्टरांशी फोनवर बोलत होता. "अजून मेणातच आहे साहेब. गुरुवारी देतो. त्याआधी होणार नाही." तिला कोणी हाक मारली नाही. चपला काढून ती खुर्चीत बसली, आणि आता काय करायचं हे तिला क्षणभर सुचेना.

वाचकहो, विसरभोळं असणं हा गुन्हा नाही. पण आपल्या विसरण्याचं ओझं रोज दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं आणि वर त्याला स्वभाव म्हणायचं, हा अन्याय आहे. स्वभाव बदलत नसेल, तर खोली बदला, फळी बदला, आपल्याला जमेल अशी रीत बसवा. ती बसवणं मात्र आपलं काम आहे. तुमच्या घरी तुमच्या वस्तू रोज कोण शोधतंय, ते आज एकदा मान वर करून बघा.