जेवणाआधी

आईने तिसरी बशी पुढे सरकवली. टोमॅटोच्या जाड चकत्या, वर चीज, त्यावर मिरपूड भुरभुरलेली.

"घ्या, संकोच करू नका. जेवणाला अजून वेळ आहे."

पाहुणे संकोच करणाऱ्यांतले नव्हतेच. आल्या आल्या भिंतींवर टिचक्या मारून झाल्या होत्या, आता बश्यांचा फडशा पडत होता. ते आईचं घर विकत घ्यायला आले होते. मुलाने सगळं परस्पर जुळवलं होतं. कागदांवर आईची सही तेवढी बाकी होती. ती 'नाही' म्हणाली होती, पुन्हा पुन्हा म्हणाली होती, पण मुलाने कानाआड केलं. चारचौघांत कागद पुढ्यात आला, की आपण सही करून बसू, हे तिला ठाऊक होतं.

पाहुण्यांचा मात्र एक नेम होता. व्यवहाराचं बोलायचं ते जेवण झाल्यावरच. मुलानेच हे कौतुकाने सांगितलं आणि तिथेच फसला.

मग बटाट्याचे कुरकुरीत काप आले. लिंबाचं सरबत आलं. लोण्यात परतलेले मक्याचे दाणे आले. पाहुण्यांची परतीची गाडी जवळ येत चालली, तसा मुलगा तरातरा स्वयंपाकघरात आला. सून काकडी चिरत होती.

"आई, पुरे झालं हे चटकमटक! जेवण वाढ."

"शिजतंय."

"अगं, किती वेळ शिजतंय?"

शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. आत नुसतं पाणी होतं आणि वासापुरती दोन तमालपत्रं. मुलाने झाकणाकडे हात नेला, तशी आईने सुनेकडे पाहिलं. मघाशी सुनेने झाकण उचलून आत पाहिलं होतं. सासूसुनेचं सख्य विळ्याभोपळ्याचं. मिठाची बरणी कुठे ठेवायची यावरूनही दोघींचे खटके उडत. आता ही सगळं सांगून मोकळी होणार.

सुनेने सुरी खाली ठेवली आणि झाकणावर पालथा हात दाबला.

"अहो, उघडू नका. वाफ जाईल."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय," ती म्हणाली. हात तिने काढला नाही.

मुलगा पाय आपटत बाहेर गेला. सुनेने पोळलेला तळवा नळाखाली धरला.

"आई, मशरूम उरलेत. तेही तळू?"

आईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"तळ. भरपूर तळ."

शेवटी पाहुणे पोटावरून हात फिरवत उठले.

"आता तीळभर जागा नाही हो. जेवण पुढच्या खेपेला, आणि बोलणंही तेव्हाच."

आईला गप्प राहता आलं असतं. पण सून पाठीशी उभी होती.

"जेवायला केव्हाही या," आई म्हणाली. "घर विकायचं नाही. मी सही करणार नाही."

पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. तुम्हाला नाही, याला."

मुलगा लालबुंद होऊन पाहुण्यांना गाडीवर पोचवायला गेला. आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि खूप दिवसांनी मोकळं हसली.

सुनेने झाकण काढलं.

"पाण्याला आधण आलंय. तांदूळ टाकू? तिघांपुरते?"

"दोघींपुरते," आई म्हणाली. "त्याने पाहुण्यांबरोबर चीज पुष्कळ खाल्लंय."